ई-मेल, हस्तलेखन आणि सॉफ्टवेअरमधील शोधांची मालकी

(विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिल्लीतील एखादा विद्यार्थी गुवाहाटीतील मित्राला ई-मेल पाठवितो, तेव्हा दोघांची ई-मेल सेवा वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी पत्र बिनदिक्कत पोहोचते. पत्त्यामधील ‘@’ हे चिन्ह वापरल्याबद्दल अथवा पत्राची मांडणी ठरावीक पद्धतीने केल्याबद्दल कोणालाही स्वामित्वधन द्यावे लागत नाही. याउलट २००३ साली अमेरिकेत एका प्रसिद्ध कंपनीचा नवा खिसा-संगणक विकत घेणाऱ्या ग्राहकांना इंग्रजी वर्णमालेतील काही अक्षरे नव्या पद्धतीने गिरवावयास शिकावी लागली. अक्षरे गिरविण्याची जुनी पद्धत एका पेटंटच्या वादात अडकली होती, हे त्याचे कारण होते.

ई-मेल आणि संगणकीय हस्तलेखन हे दोन्ही सॉफ्टवेअरमधील शोध आहेत. दोहोंचा उद्देशही एकच, तो म्हणजे माणसाचे लिखित म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे. मग एकाचा वापर मुक्त राहिला आणि दुसरा न्यायालयात गेला, असे का घडले? या प्रश्नाचे उत्तर बौद्धिक संपदेच्या कायद्यात जितके आहे तितकेच अर्थशास्त्रातही आहे. भारतासारख्या बहुभाषिक, बहुलिपी देशाच्या दृष्टीने तर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

पेटंट आणि कॉपीराइट : दोन वेगळे हक्क

प्रथम दोन संकल्पनांमधील भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. पेटंट हा राज्यसंस्था आणि संशोधक यांच्यामधील एक प्रकारचा करार होय. संशोधकाने आपला शोध संपूर्ण तपशिलासह जाहीर करावयाचा आणि त्या बदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत इतरांना तो शोध वापरण्यापासून रोखण्याचा हक्क त्याने मिळवावयाचा, असे या कराराचे स्वरूप असते. भारतात ही मुदत अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षांची आहे. पेटंट मिळण्यासाठी शोधात नावीन्य असावे लागते, त्या विषयातील जाणकाराला तो सहज सुचणारा नसावा लागतो आणि त्याचा औद्योगिक उपयोग होण्याजोगा असावा लागतो.

कॉपीराइटचे स्वरूप वेगळे आहे. तो कल्पनेला संरक्षण देत नाही, कल्पनेच्या विशिष्ट अभिव्यक्तीला देतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ यामध्ये संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींत करण्यात आला आहे. लेखक जिवंत असेतोपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे हा हक्क टिकतो. मात्र तेच कार्य करणारी आज्ञावली दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे लिहिली, तर कॉपीराइटचा भंग होत नाही. पेटंटच्या बाबतीत मात्र स्वतंत्रपणे लावलेला शोधही पेटंटधारकाच्या हक्काचा भंग ठरू शकतो.

१ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या ‘ट्रिप्स’ कराराच्या १० व्या कलमानुसार संगणक आज्ञावलींना साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण द्यावे लागते. त्याच कराराचे २७ वे कलम तंत्रज्ञानाच्या सर्व क्षेत्रांतील शोधांना पेटंट उपलब्ध असावे असे सांगते. सॉफ्टवेअर हे एकाच वेळी लेखन आहे आणि यंत्राला चालविणारे साधनही आहे. त्यामुळे ते कोणत्या कलमाखाली कितपत येते, याबाबत देशोदेशींचे कायदे भिन्न उत्तरे देतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सॉफ्टवेअरची दोन वैशिष्ट्ये येथे ध्यानात घ्यावी लागतात. एक म्हणजे पहिली प्रत तयार करण्याचा खर्च मोठा आणि पुढील प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे संरक्षण नसेल तर मूळ संशोधकाला खर्च भरून काढणे कठीण जाते. दुसरे म्हणजे संपर्काच्या साधनांचे मोल वापरणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढत जाते. जगात एकाच व्यक्तीकडे ई-मेल असता तर त्याचा उपयोग शून्य झाला असता. पहिले वैशिष्ट्य संरक्षणाच्या बाजूने बोलते, तर दुसरे खुलेपणाच्या बाजूने. सॉफ्टवेअर पेटंटविषयीचा सारा वाद या दोन टोकांमध्ये घडतो.

ई-मेल : मालकाविना वाढलेला शोध

एकाच मोठ्या संगणकाचा वापर करणाऱ्या व्यक्तींना परस्परांसाठी निरोप ठेवता येण्याची सोय अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६५ साली झाली होती. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठविण्याचे कार्य १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी केले. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत ते काम करीत होते आणि अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्थसाहाय्याने उभारलेल्या ‘अर्पानेट’ या जाळ्यावर हा प्रयोग झाला. निरोप लिहिण्याची एक आज्ञावली आणि संगणकांमध्ये फाइली पाठविण्याची दुसरी आज्ञावली यांची त्यांनी सांगड घातली. व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दाखविण्यासाठी त्यांनी कळफलकावरील ‘@’ हे चिन्ह निवडले. या कल्पनेचे पेटंट घेण्यात आले नाही. टॉमलिन्सन यांचे निधन मार्च २०१६ मध्ये झाले.

यानंतरची पायरी नियमांची होती. ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी लिहिलेली पत्रवहनाची नियमावली आणि डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिलेली पत्राच्या मांडणीची नियमावली प्रसिद्ध झाली. हे दस्तऐवज कोणालाही वाचावयास खुले होते आणि त्यांनुसार कोणीही आज्ञावली लिहू शकत होता. १९९२ मध्ये ‘माइम’ ही पूरक नियमावली आली आणि रोमनखेरीज अन्य लिप्यांतील मजकूर, चित्रे व ध्वनी ई-मेलमधून प्रमाण पद्धतीने पाठविता येऊ लागले. देवनागरीतील पत्र आज ई-मेलने जाऊ शकते, त्यामागे या नियमावलीचा मोठा वाटा आहे.

नियम खुले असले म्हणजे नफ्याला वाव उरत नाही, असा एक समज आढळतो. ई-मेलच्या इतिहासात त्याला आधार सापडत नाही. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी ‘हॉटमेल’ ही सेवा सुरू केली. पत्रवहनाचे नियम त्यांनी निर्माण केलेले नव्हते, ते सर्वांचे होते. कोणत्याही संगणकावरून, इंटरनेटच्या पानावर आपली पत्रे पाहता यावीत ही सोय मात्र त्यांनी व्यापक प्रमाणावर उपलब्ध करून दिली. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरना घेतली. सामाईक नियमांच्या पायावर खाजगी उद्योग उभा राहू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

पेटंट आणि कॉपीराइट यांच्यातील भेद न जाणल्यामुळे गैरसमज कसे होतात, याचेही एक उदाहरण ई-मेलच्या इतिहासात आहे. मुंबईत जन्मलेले शिवा अय्यादुराई यांनी शालेय वयात, १९७८ पासून, न्यू जर्सीतील एका वैद्यकीय शिक्षणसंस्थेसाठी कार्यालयीन पत्रव्यवहाराची ‘ई-मेल’ याच नावाची आज्ञावली तयार केली आणि १९८२ मध्ये तिचा कॉपीराइट नोंदविला. कुमारवयीन मुलाची ही कामगिरी उल्लेखनीय होती. परंतु त्या आधारे ई-मेलचा शोधच आपण लावला, हा त्यांचा दावा संगणकाचे इतिहासकार मान्य करीत नाहीत. कॉपीराइटची नोंद त्या विशिष्ट आज्ञावलीपुरती असते. तिच्यावरून कल्पनेचे मूळ सिद्ध होत नाही.

खिशातील ई-मेल : ६१ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड

तारेने जोडलेल्या संगणकांवरील ई-मेल मुक्त राहिला. बिनतारी ई-मेलच्या वाट्याला मात्र वेगळा इतिहास आला. रेडिओ लहरींद्वारे ई-मेल प्रवासातील माणसापर्यंत पोहोचवावा, ही कल्पना जेफ्री गुडफेलो यांनी १९८२ मध्ये मांडली होती. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. पुढे थॉमस कॅम्पाना या अभियंत्याने बिनतारी ई-मेलच्या पद्धतीवर काम करून पेटंटे मिळविली. ही पेटंटे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनटीपी’ या कंपनीकडे होती. या कंपनीने स्वतः कोणतेही उपकरण बाजारात आणले नाही.

कॅनडातील वॉटर्लू येथील ‘रिसर्च इन मोशन’ या कंपनीने १९९९ मध्ये ‘ब्लॅकबेरी’ हे उपकरण बाजारात आणले. व्यापारी, वकील आणि शासकीय अधिकारी यांच्यामध्ये ते झपाट्याने लोकप्रिय झाले. २००१ मध्ये एनटीपीने अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पेटंटभंगाचा दावा दाखल केला आणि २००२ मध्ये ज्युरीचा कौल तिच्या बाजूने लागला. न्यायालयाने ब्लॅकबेरीच्या सेवेला मनाई करणारा आदेशही दिला, परंतु अपिलाच्या काळात त्याला स्थगिती मिळाली. सेवा बंद पडली तर शासनाचे काम अडेल, या चिंतेने अमेरिकी न्याय विभागालाही न्यायालयात म्हणणे मांडावे लागले. दरम्यान, अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयाने फेरतपासणीत एनटीपीच्या पेटंटांवर गंभीर प्रश्नचिन्ह उपस्थित केले होते. तरीही सेवा बंद पडण्याचा धोका टाळण्यासाठी मार्च २००६ मध्ये रिसर्च इन मोशनने ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

या घटनेत अर्थशास्त्राला परिचित असलेली ‘अडवणुकीची समस्या’ स्पष्ट दिसते. एखाद्या सेवेत मोठी गुंतवणूक होऊन ग्राहक तिच्यावर अवलंबून राहू लागले, की ती सेवा थांबविण्याची धमकी शोधाच्या मूळ मूल्यापेक्षा कितीतरी अधिक रकमेची ठरते. पेटंट वैध आहे की नाही, याचा अंतिम निर्णय लागण्यापूर्वीच पैसा हस्तांतरित होतो. त्याच वर्षी, मे २००६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ईबे’ प्रकरणात असा निर्णय दिला की, पेटंटभंग सिद्ध झाला म्हणून मनाईहुकूम आपोआप देता येणार नाही. सार्वजनिक हित व उभय पक्षांना होणारे नुकसान यांचाही विचार न्यायालयाने केला पाहिजे. या निर्णयामुळे अडवणुकीचे शस्त्र काही अंशी बोथट झाले.

या चर्चेला दुसरीही बाजू आहे. स्वतः कारखाना न काढणारा संशोधक हा काही केवळ अडवणूक करणारा नसतो. भांडवल नसलेल्या एकट्या अभियंत्याने आपल्या श्रमाचा मोबदला मिळवावा कसा? मोठी कंपनी त्याची कल्पना विनामोबदला वापरू लागली, तर पेटंट हेच त्याचे एकमेव साधन असते. म्हणून प्रश्न पेटंट असावे की नसावे इतका सोपा नाही. कोणत्या गोष्टीचे, कितपत व्यापक आणि किती कसून तपासून पेटंट द्यावे, हा तो प्रश्न आहे.

हस्तलेखन : संगणकासाठी बदललेले अक्षर

संगणकाला हस्ताक्षर वाचता येणे हे आजही अवघड काम आहे. विशेष पृष्ठभागावर लेखणी फिरू लागली की संगणक ठरावीक क्षणांच्या अंतराने तिचे स्थान नोंदवितो. अशा बिंदूंच्या मालिकेतून एक रेघ तयार होते. एक अक्षर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे ओळखणे ही यातील पहिली मोठी अडचण असते. ॲपलने १९९३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘न्यूटन’ या उपकरणाने माणसाचे नैसर्गिक हस्ताक्षर वाचण्याचा प्रयत्न केला. प्रारंभीच्या आवृत्तीतील चुकांमुळे त्यावर बरीच टीका झाली आणि १९९८ मध्ये त्याचे उत्पादन बंद करण्यात आले.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात डेव्हिड गोल्डबर्ग यांनी वेगळा मार्ग शोधला. प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एकाच रेघेत लिहावयाचे आणि लेखणी उचलली की अक्षर संपले असे मानावयाचे. या पद्धतीला ‘युनिस्ट्रोक्स’ असे नाव मिळाले. अक्षरे वेगळी करण्याची अडचण अशा रीतीने मुळातच नाहीशी झाली आणि अगदी लहान जागेतही, एका अक्षरावर दुसरे अक्षर गिरवीत लिहिणे शक्य झाले. जानेवारी १९९७ मध्ये या शोधाला अमेरिकेचे पेटंट मिळाले.

तत्पूर्वी, १९९६ मध्ये, ‘पाम’ कंपनीचा ‘पायलट’ हा खिसा-संगणक ‘ग्राफिटी’ या लेखनपद्धतीसह बाजारात आला होता. त्यातही बहुतेक अक्षरे एकाच रेघेची होती, मात्र ती रोमन अक्षरांच्या ओळखीच्या आकाराशी जवळीक साधणारी होती. एप्रिल १९९७ मध्ये झेरॉक्सने दावा दाखल केला. २००० मध्ये कनिष्ठ न्यायालयाचा निर्णय झेरॉक्सच्या विरुद्ध गेला. अपील न्यायालयाने २००१ मध्ये तो फिरविला आणि त्याच वर्षअखेरीस पेटंटभंग झाल्याचे ठरले. या पार्श्वभूमीवर २००३ च्या प्रारंभी पामने ‘ग्राफिटी २’ ही दुसऱ्या कंपनीच्या तंत्रावर आधारित पद्धत स्वीकारली. तिच्यामध्ये ‘आय’, ‘के’, ‘टी’ आणि ‘एक्स’ यांसारखी अक्षरे दोन रेघांत लिहावी लागत. मे २००४ मध्ये न्यायालयाने हे पेटंटच अवैध ठरविले, कारण त्यातील कल्पना पूर्वीच्या कामात आढळत होती. तरीही वाद शमला नाही. अखेर २००६ मध्ये पामने झेरॉक्सला २ कोटी २५ लाख डॉलर देऊन तो मिटविला.

या प्रकरणात पैशांच्या आकड्यापेक्षा वापरणाऱ्यांचा खर्च अधिक बोलका आहे. लेखनाची पद्धत आत्मसात करणे ही माणसाने स्वतःमध्ये केलेली गुंतवणूक असते. पद्धत बदलली की ती गुंतवणूक वाया जाते. अर्थशास्त्रात याला ‘बदलाचा खर्च’ म्हणतात. हा खर्च ताळेबंदात दिसत नाही, कारण तो असंख्य लोकांमध्ये थोडाथोडा विभागलेला असतो. नऊ वर्षे चाललेल्या या वादात दोन्ही कंपन्यांना आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली. ज्यांच्या बोटांना ती अक्षरे वळणी पडली होती, त्या ग्राहकांना मात्र या वादात पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

अमेरिका, युरोप आणि भारत : तीन वाटा

अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या पेटंटांना १९८१ च्या ‘डायमंड विरुद्ध डीर’ या निर्णयानंतर चालना मिळाली. रबरावर प्रक्रिया करण्याच्या पद्धतीत संगणकाचा उपयोग होता, एवढ्यावरून पेटंट नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. जून २०१४ च्या ‘ॲलिस’ प्रकरणात त्याच न्यायालयाने मर्यादा घातली. एखादी अमूर्त कल्पना सर्वसाधारण संगणकावर राबविली म्हणून ती पेटंटयोग्य ठरत नाही, असा हा निर्णय होता. युरोपमध्ये संगणकाधारित शोधांच्या पेटंटविषयीचा प्रस्तावित निर्देश ६ जुलै २००५ रोजी युरोपीय संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

भारतात पेटंट कायदा, १९७० याच्या तिसऱ्या कलमात ज्या गोष्टी शोध मानल्या जात नाहीत त्यांची यादी आहे. २००२ च्या दुरुस्तीने या कलमात ३(के) हे उपकलम आले. गणितीय वा व्यावसायिक पद्धती, केवळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना त्यानुसार पेटंट मिळत नाही. यातील ‘केवळ’ या अर्थाच्या शब्दावरच पुढील सारी चर्चा फिरत राहिली आहे. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने, उद्योगातील तांत्रिक उपयोग असलेल्या अथवा हार्डवेअरशी जोडलेल्या आज्ञावलीला पेटंट देण्याची तरतूद केली होती. २००५ मध्ये संसदेने दुरुस्ती कायदा संमत करताना ही तरतूद वगळली. युरोपीय संसदेने आपला निर्णय त्यानंतर काही महिन्यांनी घेतला, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

पेटंट कार्यालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे आक्षेपांमुळे डिसेंबरमध्ये स्थगित ठेवण्यात आली. फेब्रुवारी २०१६ च्या सुधारित तत्त्वांमध्ये नव्या हार्डवेअरची अट होती. जून २०१७ मध्ये ती वगळण्यात आली. १२ डिसेंबर २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘फरीद अल्लानी’ प्रकरणात स्पष्ट केले की, कायद्याची मनाई ‘केवळ’ आज्ञावलीपुरती आहे. शोधामुळे तांत्रिक परिणाम अथवा तांत्रिक भर साध्य होत असेल, तर तो आज्ञावलीवर आधारित आहे म्हणून पेटंट नाकारता येणार नाही.

भारतीय कायद्यातील आणखी दोन तरतुदी या चर्चेशी निगडित आहेत. कलम २५(१) अन्वये पेटंट मंजूर होण्यापूर्वीच कोणतीही व्यक्ती त्यास हरकत घेऊ शकते. पूर्वीचे काम वेळीच तपासनिसाच्या नजरेस आणून देण्याचा हा मार्ग आहे. पामच्या प्रकरणात पेटंटाची अवैधता ठरण्यास पेटंट मिळाल्यानंतर सात वर्षे लागली, हे पाहता या तरतुदीचे मोल कळून येते. कलम ८४ अन्वये पेटंट मंजूर झाल्यापासून तीन वर्षांनंतर, जनतेची वाजवी गरज भागत नसल्यास सक्तीचा परवाना देता येतो. अडवणुकीवरचा तो उतारा आहे.

भारतीय लिप्यांचा प्रश्न

रोमन वर्णमालेच्या २६ अक्षरांसाठी आखलेली एकरेघी पद्धत देवनागरीला जशीच्या तशी लागू करता येत नाही. देवनागरीत शिरोरेषा आहे, मात्रा अक्षराच्या वर, खाली, पुढे आणि मागे लागतात, जोडाक्षरे असंख्य आहेत. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र ती नंतर येते. तमिळ, बंगाली वा कन्नड लिपीच्या अडचणी आणखी वेगळ्या. त्यामुळे भारतीय हस्तलेखनावरील संशोधन भारतातच होणे आवश्यक होते, आणि ते झालेही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर कंपनीतील अभियंते यांच्या प्रयत्नांतून ‘सिम्प्युटर’ हा स्वस्त हाती-संगणक साकार झाला. त्याची रचना विशेष सार्वजनिक परवान्याखाली खुली ठेवण्यात आली होती. इतरांनी त्यात सुधारणा कराव्यात आणि काही काळानंतर त्या सर्वांना उपलब्ध करून द्याव्यात, असे त्या परवान्याचे सूत्र होते. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती एप्रिल २००४ मध्ये बाजारात आली. वापरणाऱ्याने लेखणीने जे लिहिले ते त्याच्याच हस्ताक्षरात ई-मेलने पाठविण्याची सोय तीत होती. संगणकाला लिपी ओळखता येत नसेल तर न येवो, पत्र वाचणाऱ्या माणसाला ती ओळखता येते, हा त्यामागील साधा विचार होता. सिम्प्युटरची विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही. रचना खुली असणे हे बाजारपेठेला पर्याय ठरत नाही, हा धडाही यातून घ्यावा लागतो.

बंगळूर येथील एचपी लॅब्ज इंडिया या संशोधनशाळेने व्यंजने पाटीवर छापलेली आणि मात्रा लेखणीने गिरवावयाची, असा देवनागरी व कन्नडसाठीचा संमिश्र कळफलक विकसित केला. भारतीय हस्ताक्षर ओळखण्यासाठीचा ‘लिपी’ हा आज्ञावलीसंचही तिने मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध करून दिला. लेखणीच्या रेघा संगणकात साठविण्याचे ‘इंकएमएल’ हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने सप्टेंबर २०११ मध्ये स्वीकारले. त्याच्या लेखनात या संशोधनशाळेचाही सहभाग होता. कन्सॉर्टियमच्या २००४ च्या पेटंट धोरणानुसार अशी मानके स्वामित्वधनाविना वापरता यावीत अशी अपेक्षा असते. ई-मेलच्या वाट्याला १९८२ मध्ये आलेली खुली नियमावली हस्तलेखनाला अशा प्रकारे सुमारे तीन दशकांनी लाभली.

खुल्या मानकाचा अभाव किती महाग पडतो, याचा अनुभव मराठी भाषकांनीही घेतला आहे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली मान्य केली होती आणि युनिकोडमधील देवनागरीची रचनाही मुख्यतः इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली होती. तथापि अनेक वर्षे बाजारातील निरनिराळ्या फॉन्टांनी आपापले वेगळे संकेत वापरले. परिणामी पाठविणारा व वाचणारा यांच्याकडे एकच फॉन्ट नसेल, तर मराठी ई-मेलच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसत असे. अनेकांनी त्यामुळे रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा मार्ग पत्करला. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले. मराठी व कोंकणीसह आठ भाषांची सोय त्यात होती. देवनागरीत संपूर्ण ई-मेल पत्ता लिहिता यावा यासाठीची तांत्रिक नियमावली २०१२ मध्येच तयार झाली होती. सर्व सेवांनी व संकेतस्थळांनी असे पत्ते स्वीकारणे हे काम मात्र अद्याप अपुरे आहे.

धोरणाची दिशा

या सर्व विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला निष्कर्ष असा की, ज्या नियमांच्या आधारे एका माणसाचे लेखन दुसऱ्यापर्यंत पोहोचते ते नियम सर्वांना विनाशुल्क उपलब्ध असले पाहिजेत. पत्राची मांडणी, अक्षरांचे संकेत आणि रेघांच्या नोंदीची पद्धत या गोष्टी रस्त्यांसारख्या सामाईक आहेत. त्यांवर धावणारी वाहने खाजगी असण्यास हरकत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी जाहीर केलेल्या खुल्या मानकांच्या धोरणाचा आशय हाच आहे.

दुसरा निष्कर्ष संशोधकाच्या मोबदल्याविषयीचा आहे. अर्पानेटला सार्वजनिक निधी होता, म्हणून टॉमलिन्सन यांच्या कामाचा खर्च पेटंटमधून वसूल करण्याची गरज पडली नाही. खुलेपणा हवा असेल तर त्याची किंमत कोणीतरी मोजावी लागते. विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि शासकीय खरेदी यांद्वारे समाजाने ती मोजली नाही, तर संशोधक पेटंटकडे वळेल किंवा संशोधनच सोडून देईल. भारतीय लिप्यांची बाजारपेठ ज्या भाषांत लहान आहे, तेथे हे विशेषत्वाने खरे ठरते.

तिसरा निष्कर्ष परीक्षणाच्या दर्जाविषयीचा आहे. ब्लॅकबेरी आणि पाम या दोन्ही प्रकरणांत पेटंटांची वैधता वादग्रस्त असतानाही पैसे द्यावे लागले. प्रशिक्षित तपासनीस, पूर्वीच्या कामाचा सहज शोधता येणारा संग्रह आणि हरकतींचा वेळेत निपटारा यांवर केलेला खर्च न्यायालयीन खर्चाच्या तुलनेत अल्प असतो.

परीक्षेच्या दृष्टीने कलमे, वर्षे आणि निर्णय लक्षात ठेवणे आवश्यकच आहे. परंतु प्रशासनात गेल्यावर एखाद्या खात्यासाठी सॉफ्टवेअर खरेदी करण्याची, शिधापत्रिकेचा अर्ज कोणत्या लिपीत स्वीकारावा हे ठरविण्याची वेळ येईल. त्या वेळी निविदेतील मानकांविषयीची एक ओळ पुढील अनेक वर्षे नागरिकांना आपल्या लिपीत शासनाशी पत्रव्यवहार करता येईल की नाही, हे ठरवील. ती ओळ लिहिणाऱ्याला या विषयाची जाण असणे अगत्याचे आहे.